वाजणारं धान

आमच्या राइस मिलवर प्रश्न विचारायला येणाऱ्या माणसांचा मला मनस्वी कंटाळा आहे. कोणी बँकेकडून येतं, कोणी विम्याकडून, कोणी कॉलेजचा प्रकल्प करायला. येतात, खुर्चीवर बसतात, चहा पितात, 'तुमच्या व्यवसायापुढच्या समस्या काय' असं विचारतात. मी 'वीज, मजूर, पाऊस' असं सांगितलं की समाधानाने लिहून घेतात आणि जातात. वीज, मजूर आणि पाऊस मागे तसेच राहतात. त्यामुळे एका कृषी महाविद्यालयात शिकवणाऱ्या मॅडम धानाच्या पुरवठा साखळीवर पीएचडी करताहेत आणि त्यांना आमची मिल बघायची आहे असा फोन आला, तेव्हा त्यांना हात तुटलेली प्लास्टिकची खुर्ची द्यायची हे मी आधीच ठरवून टाकलं. आणि दिलीसुद्धा.

साखळी हा शब्दही मला तेव्हा हास्यास्पद वाटला होता. साखळी म्हटलं की मला गोठा आठवतो. धान शेतातून निघतं, आमच्या गेटवर येतं, आमच्याकडे त्याचा तांदूळ होतो आणि ट्रकमध्ये बसून जातो. यात संशोधन ते काय करायचं?

पण खरं सांगायचं तर त्या वर्षी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. आमच्या धानपट्ट्यातल्या गोरेगावहून तिरोड्याकडे निघालं की रस्त्याला लागूनच आमची मिल आहे. सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, उभी केलेली. घराणं कोहळ्यांचं, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणाऱ्यांचं. मामाजी गमतीने म्हणायचे की बापजाद्यांनी पाणी अडवलं, मी धान अडवतो. मिलचं मुख्य काम सरकारी धानाच्या भरडाईचं. मी बी.कॉम. होऊन या घरात आले आणि बरीच वर्षं बिलं करत राहिले. मग एकदा पुण्याच्या एका कंपनीशी माझं बोलणं झालं. देशी वाणांचा तांदूळ छोट्या पिशव्यांतून विकणारी कंपनी. त्यांना चिन्नोर हवा होता. चिन्नोर शिजायला लागला की शेजारणीला भिंतीपलीकडून कळतं, असा त्याचा वास. पण उतारा कमी, म्हणून आमच्याकडे तो लावणारे मोजकेच उरले होते. ती ऑर्डर मी आणली. चोरखमारा आणि बोदलकसा तलावांच्या पाण्यावर शेती करणारे काही शेतकरी त्या भरवशावर पुन्हा चिन्नोरकडे वळले. या घरात जिला 'माझी' म्हणता येईल अशी ती एकच गोष्ट होती.

आणि ती हातची जायला निघाली होती. कंपनीची अट एकच, दाणा अख्खा हवा. आमच्या तांदळात कणी फार निघत होती. एका ट्रकची तक्रार आली, मग दुसऱ्याची. तिसऱ्या वेळी तिकडच्या साहेबांनी फोनवर अगदी गोड आवाजात सांगितलं की पुढच्या हंगामातही हेच राहिलं तर ते दुसरी मिल बघतील. त्या गोड आवाजाचा मला आजही राग येतो.

आम्ही करायचं ते सगळं केलं. माझ्या नवऱ्याने टरफल काढणाऱ्या मशीनचे रबर रोल बदलले. पॉलिशर खोलला, बसवला, परत खोलला. मिस्त्रीला इतकं बोलले सगळे की तो रुसून आपल्या गावी निघून गेला आणि नवऱ्याला जाऊन त्याची समजूत काढून आणावं लागलं. कणी काही हटेना. मामाजींचं म्हणणं एवढंच होतं की बारीक दाणा आहे, तुटणारच. हे ते इतक्या शांतपणे म्हणायचे की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

मामाजींबद्दल इथे सांगायला हवं, कारण गेट त्यांचं होतं. गेटच्या आत कडुनिंबाखाली एक बाक आहे. हंगामात सकाळी ते तिथे बसले की उठायचे ते जेवायलाच. धानाचा ट्रॅक्टर आला की ते पोत्यात परखी खुपसत, म्हणजे टोकदार लोखंडी नळी, आणि थोडं धान हातावर घेत. तळव्यावर चोळून टरफल काढत, एक दाणा दाढेखाली धरत आणि डोळे मिटत. दाणा 'कट' असा वाजला की म्हणत, "वाजलं." ट्रॅक्टर आत. नाही वाजला तर म्हणत, "घरी ने. आजूक ऊन दाखव." ट्रॅक्टर सगळ्यांसमोर मागे फिरायचा. ओलावा मोजायचं यंत्र आमच्याकडे होतं, पण ते कपाटात खोक्यातच. यंत्र काय सांगतं हे विचारायला आसपासच्या गावांत कोणाला कारणच नव्हतं. मामाजींच्या गेटवरून परत आलेल्या शेतकऱ्याची पानठेल्यावर थट्टा व्हायची आणि ज्याचं धान पहिल्या झटक्यात वाजलं तो महिनाभर ताठ मानेने फिरायचा. मलाही त्यांच्या दाताचा अभिमान होता. माहेरचे पाहुणे आले की मी त्यांना मुद्दाम गेटवर नेऊन ती परीक्षा दाखवत असे.

तर मॅडम आल्या आणि त्या तुटक्या खुर्चीवर बिनतक्रार बसल्या. माझ्याच वयाच्या, नागपूरकडच्या, बोलताना मध्येच हिंदीत शिरणाऱ्या. त्यांनीही पहिला प्रश्न तोच विचारला. मी माझं 'वीज, मजूर, पाऊस' म्हटलं. पण त्यांनी ते लिहून घेतलं नाही. पेन तसंच हातात धरून त्या थांबल्या, म्हणून मग मी चिडून कणीचं सांगितलं.

"तुटतो कुठे?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, मिलमध्ये, आणखी कुठे तुटणार.

"मिलमध्ये तुटलेला दिसतो," त्या म्हणाल्या. "तुटतो कुठे, ते कोणी पाहिलंय?"

मला रागच आला. म्हणजे आम्ही एवढी वर्षं इथे झोपा काढतो की काय. पण त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे लक्षच दिलं नाही. त्या उठल्या, त्याच दिवशी आलेल्या पोत्यातलं मूठभर धान मागून घेतलं, आणि नखांनी एकेक दाणा सोलू लागल्या. मग पिशवीतून काचेची एक छोटी पट्टी काढली, मोबाइलचा टॉर्च लावून त्यावर ती ठेवली आणि सोललेले दाणे त्या काचेवर ओळीने मांडले. मला म्हणाल्या, वाकून बघा. मी वाकले. खालून उजेड आल्यामुळे दाणे आरपार दिसत होते आणि त्यांच्या पोटात केसासारख्या बारीक आडव्या रेघा होत्या. एकात एक, एकात दोन. काही दाणे स्वच्छ होते, पण थोडे. त्या धानाने अजून आमच्या मशीनचं तोंडही पाहिलेलं नव्हतं.

मी नवऱ्याला हाक मारली. त्याने पाहिलं, मिस्त्रीने पाहिलं. मिस्त्री फक्त माझ्याकडे बघत राहिला. त्या दिवशी त्याचा चहा मी स्वतः नेऊन दिला, बरोबर बिस्किटंही.

त्यानंतर मॅडम उलट्या चालू लागल्या. आम्ही सगळे धानाबरोबर पुढे जाणारे; त्या गेटवरून मागे निघाल्या. ट्रॅक्टरवर, ट्रॅक्टरवरून खळ्यात, खळ्यातून पुंजण्यापाशी, म्हणजे बांधलेल्या भाऱ्यांच्या ढिगापाशी, आणि तिथून थेट बांधीत, म्हणजे भातखाचरात, जिथे कापलेलं धान जमिनीवर पसरून वाळायला ठेवलेलं असतं. त्याला आमच्याकडे कडपा म्हणतात. गोरेगावात त्यांनी एक खोली भाड्याने घेतली होती. रस्ते माहीत नाहीत म्हणून त्यांना माझ्या स्कूटीवर घेऊन जायचं काम माझ्याकडे आलं. मी घरी सांगायची की नाइलाज आहे, पण मला तोपर्यंत चटक लागली होती. ऑर्डर माझी होती, आणि ती कुठे तुटते हे मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं.

सकाळी कडपांवर दव असायचं. आमच्या पायातल्या चपला भिजून जड व्हायच्या. मॅडम बांधीतच उकिडव्या बसायच्या, ओंब्या खुडायच्या, दाणे सोलून काचेवर मांडायच्या. ज्या दिवशी कापलं त्या दिवशीचा दाणा स्वच्छ. दोन-तीन दिवस पडलेल्या कडपेत कुठे कुठे रेघ. त्याहून जास्त पडलेल्या कडपेत रेघाच रेघा. त्यांनी मला समजावून सांगितलं ते असं, की दिवसा उन्हाने दाणा आकसतो, रात्री दवाने बाहेरून फुगतो आणि आतून कोरडाच राहतो. रोज रोज ही ओढाताण झाली की त्याला तडा जातो. वरून टरफल असतं म्हणून कोणाला दिसत नाही. आमचं मशीन फक्त आधीच तडकलेल्याचे दोन तुकडे करतं. पिठाच्या डब्याचं झाकण घट्ट बसावं म्हणून आपण ठोकत राहतो आणि डबाच चेपतो, तसं काहीसं माझ्या मनात आलं.

पण एक गोष्ट जुळत नव्हती. कडपा तर सगळेच टाकतात. सरकारी खरेदी केंद्रावर धान देणाऱ्यांच्या बांधीतही मॅडमनी पाहिलं होतं, तिथे रेघा इतक्या नव्हत्या. आमच्या चिन्नोरवाल्यांच्याच कडपा इतके दिवस का पडून राहतात? बोदलकशाच्या कालव्याजवळ एक शेतकरी आहे, मामाजींच्या वयाचा, मामाजींचा जुना सोबती. त्याच्या बांधीत आम्ही उभ्या होतो. मॅडमनी त्याला विचारलं की दादा, हे अजून किती दिवस ठेवणार, वाळलंय की आता. त्याने आधी माझ्याकडे बघितलं. एवढंही या बाईला माहीत नाही का, अशा नजरेने.

"असं काऊन विचारून राहिल्या?" तो म्हणाला. "वाजलं पाह्यजे ना. नाई वाजलं तं ह्यायचे सासरे वापस धाडतेत."

मी होते तिथेच उभी राहिले. कोणाला काही समजावून सांगायची गरजच उरली नाही. माणसं धान गरजेपेक्षा दुप्पट दिवस उन्हा-दवात ठेवत होती, कारण आमच्या गेटवर ते वाजायला हवं होतं. आम्हीच त्यांना तडकवायला लावत होतो, तडकलेलं धान 'वाजलं' म्हणून कौतुकाने आत घेत होतो आणि मग रबर रोल बदलत होतो.

परत येताना मी रस्त्यात स्कूटी थांबवली आणि मॅडमशी भांडले. म्हणजे मीच भांडले. मी म्हटलं, तुमच्या प्रबंधात काय लिहायचं ते लिहा, पण हे मामाजींना सांगायचं नाही. त्यांचं सगळं आयुष्य त्या बाकावर गेलंय. लोक त्यांना त्या दातासाठी ओळखतात. त्या म्हणाल्या, प्रबंधात मी कोणाचंच नाव घालणार नाही, ती काळजी सोडा. पण तो प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात जाईल आणि पुढच्या हंगामात तुमच्या गेटवर पुन्हा वाजणारंच धान येईल. मग त्यांनी सरळ विचारलं, "तुम्हाला काय वाचवायचंय? ऑर्डर की मामाजी?"

"दोन्ही," मी म्हटलं, आणि ते किती अशक्य आहे हे बोलता बोलताच मला कळलं.

मग त्याही थोड्या तापल्या. म्हणाल्या, मला काय हौस आहे का. त्यांचे मार्गदर्शक त्यांना म्हणत होते की तुमच्या आराखड्यात चौकोन आहेत, बाण आहेत, त्यात हा दात कुठल्या चौकोनात बसवणार? आणि इथे मी म्हणत होते की दाताचं नावच काढू नका. त्यांचीही दोन्हीकडून पंचाईत होती. रस्त्याच्या कडेला आम्ही दोघी काही वेळ नुसत्या फणफणत उभ्या राहिलो. मग मीच स्कूटी सुरू केली, कारण घरी स्वयंपाक व्हायचा होता.

शेवटी त्यांनी मामाजींना काही सांगितलं नाही. त्यांनी दोन वाट्या आणल्या. एकीत आमच्या गेटवरून आत आलेलं चिन्नोर. दुसरीत त्याच बांधीतलं, पण कापणीनंतर लगेच झोडून, आमच्या गच्चीवर सावलीत, हलवत हलवत वाळवलेलं. मामाजींना म्हणाल्या, काका, चांगलं कुठलं ते सांगा. मामाजींनी पहिलं दाढेखाली धरलं. वाजलं. दुसरं धरलं, ते मऊसर तुटलं. त्यांनी पहिल्या वाटीवर बोट ठेवलं. नवऱ्याने त्यांच्यासमोरच नमुन्याच्या छोट्या मशीनवर दोन्ही वेगवेगळं काढलं आणि स्टीलच्या दोन ताटल्यांत ओतलं. पहिल्या ताटलीत निम्मीशिम्मी कणी होती. दुसरीतला दाणा अख्खा, लांब, एकसारखा.

मामाजींनी दोन्ही ताटल्या जवळ ओढल्या. मला वाटलं आता ओरडतील. मला ते बरं वाटलं असतं. पण ते म्हणाले, पुन्हा करा, आणि या वेळी माझ्या स्वतःच्या बांधीतलं धान घ्या. पुन्हा केलं. तेच झालं. मग त्यांनी मॅडमकडून ती काच मागून घेतली आणि टॉर्चवर दाणे मांडून स्वतः बघितलं. त्या दिवशी जेवताना त्यांनी ताटातला भात नुसता कालवत ठेवला. मी वाढायला गेले तर हातानेच नको म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी मॅडमना बोलावून घेतलं आणि एक नवाच प्रश्न विचारला.

"मी लोकायले म्हनीन, ओलं आना. पन ओलं धान पोत्यात दोन दिवस राह्यलं तं गरम होते, पिवरं पडते. तं ते कायले आनतील? आतापावतो वारवनं त्यायच्यावर होतं. आता ते कोनावर?"

मॅडमच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच निखळ आनंद पाहिला. हेच त्यांचं सगळ्यात मोठं प्रकरण होतं म्हणे, हेच लिहिताना त्या अडल्या होत्या. मग ते दोघे जे बोलायला बसले ते चहा दोनदा गार झाला तरी उठले नाहीत. मिलच्या आवारात हिरवी जाळी किती बांधायची, धान किती जाडीने पसरायचं, केव्हा हलवायचं, केव्हा झाकून मुरू द्यायचं. ओल्या धानात पाण्याचंही वजन येतं, त्याचं काय करायचं, यावर वाद झाला आणि अखेर कपाटातलं यंत्र बाहेर आलं. धूळ पुसायचं काम अर्थात माझ्याकडे.

त्यांना तसं बोलताना बघून मी विचार करत होते. आमच्यापैकी वेडं कोणीच नव्हतं. शेतकरी धान वाळवत होता ते बरोबर करत होता. गेटवर ओलं घ्यायचं नाही हेही बरोबर होतं. नवरा मशीन खोलत होता, तोही त्याच्या जागी बरोबर. जो तो आपल्या जागेवर शहाणा होता आणि जोडून मात्र कणी होत होती. बांधीपासून ट्रकपर्यंत सगळा रस्ता एकाच माणसाने चालून बघावा, असं कोणाला सुचलं नाही, कारण हंगामात तेवढी सवड कोणालाच नसते. ज्या बाईचं त्या धानात काहीही अडकलेलं नव्हतं, तिलाच ते चालता आलं. संशोधन म्हणजे काय हे मला विचाराल तर मी एवढंच सांगेन. आता कॉलेजातून कोणी आलं तर मी बरी खुर्ची देते. प्रश्न ऐकून मग चहा द्यायचा की नाही ते ठरवते.

पुढच्या हंगामाआधी मामाजी स्वतः गावोगाव फिरले, माझ्या स्कूटीच्या मागे बसून. गोरेगावच्या बाजारात उभे राहून त्यांनी ओळखीच्या माणसांना सांगितलं की यंदा कडपा पडू देऊ नका, लवकर उचला, लवकर आणा. लोक हसले. कोणी विचारलं, भाऊ, दात पडले का. मामाजी तेही हसून घेत होते. मागे बसलेल्या माणसाचा चेहरा दिसत नाही, पण त्यांचा हात माझ्या सीटच्या कडेला किती घट्ट धरलेला असायचा ते मला जाणवायचं. छापील पत्रकं वाटू असं मी सुचवलं होतं, पण ती कोणी वाचलीही नसती. ज्या माणसाने वाळवून आणा म्हणून शिकवलं, त्यानेच नको म्हटलं तरच ऐकणार होते. प्रत्येकाला ते शेवटी एकच सांगत, "आना. मी वापस धाडनार नाई."

दिवाळीनंतर चिन्नोर यायला लागला. पहिले काही दिवस बरे गेले. आवारात जाळीखाली धान पसरलं होतं, मजूर बायका पायाने ओळी ओढत हलवत होत्या. मग आभाळ भरून आलं. अवेळी आलेलं, जड, दिवसभर न हलणारं आभाळ. सगळं धान ताडपत्रीखाली ओढलं, शेडमध्ये भरलं, पाय ठेवायला जागा उरली नाही. आणि नेमका तेव्हा बोदलकशाचा तो मामाजींचा सोबती ट्रॅक्टर घेऊन गेटवर उभा राहिला. त्याचं धान हाताला थंड लागत होतं. सांगितल्याप्रमाणे त्याने ते लवकर उचललं होतं.

मी मामाजींना बाजूला घेऊन सांगितलं की जागा नाही. ढीग लावला तर रात्रीतून गरम होईल आणि याचं एकट्याचं नाही, सगळंच जाईल. माझी ऑर्डर जाईल. आभाळ उघडेपर्यंत त्याला थांबायला सांगा, घरी नेऊ दे. मी हे जरा चढ्या आवाजातच म्हटलं असणार, कारण ट्रॅक्टरवरच्या माणसाने ऐकलं आणि मान दुसरीकडे वळवली.

"सूनबाई," मामाजी म्हणाले, "मी म्हनलो म्हनून तो आनून राह्यला. आज वापस गेला तं पुढच्या साली कोनीच नाई आननार. मंग तुही ऑर्डर कोनाच्या भरवशावर राहीन?"

आणि त्यांनी घराचं दार उघडलं. मिलच्या मागेच आमचं घर आहे. नवऱ्याने सोफा उभा करून भिंतीला लावला, टीव्ही कपाटावर गेला, दिवाणाखालची सगळी वर्षानुवर्षांची अडगळ अंगणात आली आणि मला फार लाज वाटली. बैठकीत, आमच्या झोपायच्या खोलीत, देवघराच्या उंबऱ्यापर्यंत धान पसरलं. सगळे पंखे सुरू केले. मॅडम निरोप मिळताच आल्या, चपला दाराशी काढल्या आणि दताळं हातात घेऊन धान हलवू लागल्या. मधून एक चिंचोळी वाट ठेवली होती, तिच्यावरून आम्ही चवड्यांवर चालत होतो. आभाळ उघडेपर्यंत आम्ही स्वयंपाकघरातच राहिलो, जेवलो आणि दाटीवाटीने झोपलो. अंथरुणात, केसांत, वरणात धानाची कुसळं. ज्याचं धान होतं तो म्हातारा रोज यायचा, दारातून आत डोकवायचा आणि संकोचून तसाच परत जायचा. कोणाच्या घरात आपलं धान झोपलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं.

ते धान आम्ही सावकाश काढलं. नवरा आणि मिस्त्री मशीनपाशी नुसते उभे होते, काही खोलावं लागलं नाही. ट्रक पुण्याला गेला. मग वाट बघणं आलं. त्या दिवसांत मी सगळ्यांवर खेकसत होते. मॅडमच्या प्रबंधाचं तर मी विसरूनच गेले होते. त्यांनी फोन करून विचारलं तेव्हा त्यांच्या आवाजातही तीच धाकधूक होती.

त्या गोड आवाजाच्या साहेबांचा फोन सकाळी आला. म्हणाले, माल उत्तम आहे, कणी नावालाच आहे, पुढच्या हंगामात तुमच्याकडूनच घेऊ, आणि जास्त घेऊ. मी धन्यवाद म्हटलं की नाही आठवत नाही. मी पळणारी बाई नाही, पण त्या दिवशी पळत गेटवर गेले. मामाजी बाकावर होते. मी त्यांना सांगितलं की ऑर्डर राहिली, जास्तच मिळाली, कणी नावालाच निघाली.

"बेस झालं," ते म्हणाले. त्यांना खरंच आनंद झाला होता, तो मला दिसला. मग समोरच्या रस्त्याकडे बघत सहज बोलावं तसं म्हणाले, "म्हंजे इतके साल कनी मीच पाडून राह्यलो होतो."

मी आणलेली आनंदाची बातमी हाच त्यांच्याविरुद्धचा शेवटचा पुरावा होता, आणि तो मी धावत जाऊन त्यांच्या हातात दिला होता. तुमची एकट्याची चूक नव्हती, सगळ्यांचीच होती, असं म्हणता आलं असतं. ते खरंही होतं. पण ते त्यांना माझ्याआधी माहीत होतं, आणि माहीत असूनच त्यांनी घराचं दार उघडलं होतं. मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. ते बाकावर थोडे सरकले आणि मला नीट बसायला जागा करून दिली.